टकटक्या गप्प झाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टकटक्या आहे. हे काही माझं खरं नाव नव्हे. माझ्या पाठीवर पूर्वी एक लांबलचक नाव छापलेलं होतं, पण स्पिरिटच्या बोळ्याने पुसून पुसून ते केव्हाच उडून गेलं. मग ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर मला ज्या नावाने हाक मारू लागल्या, तेच नाव कायम झालं.

दिसायला मी जेवणाच्या डब्याएवढा आहे. रंग एके काळी पांढरा होता, आता जुन्या दातासारखा पिवळट झालाय. पुढे एक गोल बटण, एक हिरवा दिवा आणि बारीक जाळीमागे आवाजाची चकती. माझ्यातून दोन वायरी निघतात. एकीच्या टोकाला पेनासारखी सडपातळ सळई आहे. दुसरीच्या टोकाला केसासारख्या दोन सुया लावतात.

माझं काम तसं समजायला सोपं आहे. माणसाच्या कानापुढून एक नस निघते आणि झाडाच्या फांद्यांसारखी गालभर पसरते. हसणं, डोळा मिटणं, नाक मुरडणं, शीळ घालणं, बोलताना ओठ हलवणं, हे सगळं तिच्या जिवावर चालतं. पण आत रक्तामांसात ती नुसत्या पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. आणि तिच्यासारखे दिसणारे, पण फारसे कामाचे नसलेले दोरे तिथे पुष्कळ असतात. मग कुठला कापायचा आणि कुठला जपायचा? अशा वेळी डॉक्टर माझी सळई त्या दोऱ्याला लावतात. मी कळेल न कळेल एवढी वीज सोडतो. दोरा म्हणजे नस असेल तर गालाचा स्नायू थरथरतो, सुया ती थरथर माझ्यापर्यंत आणतात आणि मी ओरडतो, ‘टक्-टक्-टक्!’ म्हणजे खबरदार, इथे कात्री लावू नका. नस नसेल तर मी गप्प बसतो.

मी गप्प म्हणजे रस्ता मोकळा. माझ्या साऱ्या आयुष्याचा डोलारा या एका वाक्यावर उभा होता. आणि मित्रांनो, याच वाक्यात सगळा धोका दडलेला होता.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबच लांब टेबलावर झाला. तिथे शेवटची तपासणी करणाऱ्या एक बाई होत्या. त्या माझ्यासारख्या प्रत्येकाच्या सुया स्वतःच्या तळहाताला चिकटवायच्या आणि सळई मनगटाला लावायच्या. त्यांचा अंगठा टुणकन उडाला, मी पहिल्यांदा टकटकलो आणि त्या हसल्या. मग त्यांनी माझ्या वायरी हळूच ओढून पाहिल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “वायर म्हणजे यंत्राची मान. यंत्र मरतं ते मान मुरगळूनच.” त्या वेळी मला ते बोलणं थट्टेचं वाटलं.

दवाखान्यात आलो आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. कानाखालच्या, गालातल्या, मानेतल्या किती गाठी माझ्या साक्षीने निघाल्या याची गणती नाही. ऑपरेशन संपलं की मोठे सर्जन माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायचे, “शाब्बास रे गड्या!” एक आजोबा तर घरी जाताना थिएटरच्या दारात उभे राहून शीळ वाजवून गेले होते. आपली शीळ शाबूत आहे, हे सगळ्यांना कळावं म्हणून. सिस्टर त्यांना दटावत होत्या, पण हसतही होत्या. मला वाटायचं, आपल्यावाचून या दवाखान्याचं पान हलत नाही.

मग पडदा असलेलं नवं यंत्र आलं. त्याच्यावर हिरव्या रेषा नाचायच्या. ते बोलायचंही आणि दाखवायचंही. माझी रवानगी कोपऱ्यातल्या कपाटात झाली. जाताना कुणीतरी घाईघाईत माझी सळईची वायर माझ्याच पोटाभोवती करकचून गुंडाळली आणि दार लावून घेतलं.

माझं दुखणं तिथेच सुरू झालं. एकाच जागी मुडपलेली वायर तशीच राहिली. वरचं रबर धडधाकट होतं, पण आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटत होत्या. मला ते कळत होतं. ओरडून सांगावं असं वाटायचं, पण बटण दाबल्याशिवाय मला आवाज कुठला?

एकदा दुरुस्तीवाले काका आले. कपाटातलं सगळं बाहेर काढून त्यांनी तपासलं. माझी वायर बोटांत फिरवली आणि एके जागी थांबले. “ही वरून पैलवान आहे, आतून पोकळ,” ते तिथल्या सिस्टरांना म्हणाले. “सरळ धरली की चालते, वाकली की मेली. हिला बदला. तोवर खुणेला चिकटपट्टी लावतो.” सिस्टरांनी मान डोलावली. पुढे त्या सिस्टरांची बदली झाली आणि काकांचा निरोप त्यांच्याबरोबरच निघून गेला. मागे राहिली फक्त चिकटपट्टी. तिचा अर्थ सांगणारं कुणी उरलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. आणि एके सकाळी कपाटाचं दार उघडलं.

उघडणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे कुलूपबाई म्हणायचे. घरातून निघताना कुलूप लावून त्या जिन्यापर्यंत जात, मग परत येऊन कुलूप ओढून बघत, आणि कधी कधी खालून पुन्हा वर येत. हे त्यांच्या नवऱ्याने एका समारंभात सर्वांसमोर सांगितलं होतं. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांनाही ते ठाऊक होतं. “हसा लेको,” त्या म्हणायच्या, “पण माझ्या घरात कधी चोरी झाली नाही.”

नव्या यंत्राचा पडदा काळा पडला होता आणि ते दुरुस्तीला गेलं होतं. म्हणून माझी आठवण झाली होती. बाईंनी मला तपासणीच्या खोलीत नेलं, टेबलावर ठेवलं आणि वायर सरळ पसरून, सुया तळहाताला चिकटवून सळई स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली. अंगठा उडाला. मी टकटकलो. इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून मलाच भरून आलं. पण त्या आनंदाच्या तळाशी भीती होती. आत मोजक्याच तारा शिल्लक होत्या, आणि ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच दिवशी त्या खोलीत ताई आणि वाफ्या आले.

ताईंचं इस्त्रीचं दुकान होतं. वाफ्या त्यांचा धाकटा भाऊ, चांगला तिशी ओलांडलेला. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभा असतो म्हणून गल्लीने त्याला वाफ्या केलं होतं. लहानपणी तापात त्याचे कान गेले. हातवाऱ्यांची भाषा त्याला कुणी शिकवली नाही. ताईंचे ओठ हीच त्याची शाळा आणि हेच त्याचं वर्तमानपत्र. गिऱ्हाईक काही बोललं की तो ताईंकडे बघायचा, ताई तेच ओठांनी पुन्हा म्हणायच्या, आणि मग त्याला कळायचं की शर्ट उद्या सकाळी हवाय आणि कॉलरला खळ नकोय.

ताईंच्या डाव्या गालातली गाठ आधी त्यालाच दिसली होती. जो माणूस रात्रंदिवस एकच तोंड वाचतो, त्याला त्या तोंडातला काना-मात्रेचा फरकही कळणारच. “तुझा गाल अडतो,” तो सांगायचा. ताई म्हणायच्या, “दाढ असेल रे. दुखत तर नाही.” दुखत नाही, दुखत नाही करता करता दोन वर्षं गेली. मग एक दाढ काढून झाली. दाढ गेली, गाठ तिथेच राहिली, उलट वाढली.

कुलूपबाईंनी ताईंना समोर बसवलं. “दात आवळा. घट्ट.”

ताईंनी दात आवळले. जबड्याचा स्नायू ताठ झाला आणि त्याच्याबरोबर गाठही दगडासारखी उभी राहिली. बाईंनी बोट ठेवलं. “आता तोंड सैल सोडा.” गाठ मऊ झाली, थोडी सरकली. बाईंच्या कपाळावर आठी पडली.

“सुई घालून तपासलं तेव्हा काय झालं होतं?”

“अहो, वीज पडल्यासारखं झालं,” ताई म्हणाल्या. “कानापासून हनुवटीपर्यंत चटका गेला. मी खुर्चीतून उडालेच. आणि एवढं करून कळलं काय, तर काहीच नक्की कळलं नाही.”

बाईंनी एमआरआयच्या फिल्म उजेडात धरल्या. काळ्या-करड्या जबड्यात एक गोल पांढरा ठिपका चमकत होता, अंधारातल्या डोळ्यासारखा.

“ही चावायच्या स्नायूच्या पोटात आहे,” त्या म्हणाल्या. “मला वाटतं, नसेच्या आवरणातून वाढलेली गाठ आहे. बहुतेक साधी. पसरणारी नाही. पण बाहेर काढून तपासल्याशिवाय मी शपथेवर काही सांगणार नाही.”

“आणि नाही काढली तर?”

“वाढत राहील. तोंड उघडायला त्रास होईल. आज ती लिंबाएवढी आहे, आज काढणं सोपं आहे. सोपं म्हणजे त्यातल्या त्यात.”

वाफ्या इतका वेळ डॉक्टरीणबाईंच्या ओठांकडे टक लावून बघत होता, पण परकं तोंड त्याला वाचता येत नव्हतं. त्याने ताईंचं कोपर हलवलं. ताईंनी सगळं त्याला पुन्हा सांगितलं. गाठ, स्नायू, नस. मग तो बोलला. त्याचा आवाज सपाट आणि जरा मोठा होता, कारण लहानपणानंतर त्याला तो कधी ऐकू आलाच नव्हता.

“हिचं तोंड राहील ना?”

 बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या समोर तोंड आणून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “गाठीवरूनच ओठाची नस जाते. ती दुखावली तर अर्धं तोंड हलणार नाही. मी जपेन. वचन देत नाही.”

हे मात्र त्याला कळलं. तो ताईंकडे वळला आणि त्यांच्या तोंडाकडे असा बघू लागला, जसं कुणी गाडी सुटायच्या आधी फलाटावरच्या माणसाकडे बघतं.

“असं काय बघतोस मेल्या?” ताई म्हणाल्या. “मी काही मरत नाहीये.” आणि हसल्या. दोन्ही बाजूंनी, भरपूर हसल्या. मग रडल्या.

बाईंनी त्यांना धीर यावा म्हणून मला पुढे सरकवलं. “हा आमचा टकटक्या. हा नस ओळखतो. नस असली की ओरडतो.” वाफ्याने माझ्या जाळीवर बोट ठेवलं. बाईंनी सुया तळहाताला चिकटवून सळई स्वतःच्या मनगटाला लावली. मी टकटकलो आणि माझी चकती त्याच्या बोटाखाली थरथरली. त्याचा चेहरा उजळला. तो माझ्यावर विश्वास टाकत होता. मित्रांनो, मला त्या वेळी जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नसेल. आणि तोंड उघडून खरं सांगायची सोय नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी थिएटरमधल्या मोठ्या सिस्टरांनी मला पुसून ताईंच्या डोक्याशी, स्टँडवर ठेवलं. सळई आणि तिची वायर औषधी वाफेतून निर्जंतुक होऊन आली होती. त्या वाफेने आणखी एक-दोन तारांचा निकाल लावला होता. सिस्टरांनी मला चालू करून पाहिलं. वायर सरळ लोंबत होती, हिरवा दिवा लागला. “म्हातारा ठणठणीत आहे,” त्या म्हणाल्या.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ताईंना झोपवलं. हिरव्या कापडांतून त्यांचा फक्त डावा गाल दिसत होता, आणि त्यावर पारदर्शक कागद लावला होता, म्हणजे ओठ हलला तर दिसावा. माझ्या केसासारख्या सुया ओठाच्या कडेला टोचल्या. आता त्या ओठाची आणि माझी गाठ पडली होती.

कुलूपबाईंनी कानापुढच्या घडीतून चीर घेतली, ती कानाच्या पाळीखाली वळवली आणि कातडी हळूहळू पुढे उचलली. त्यांच्यासमोर एक शिकाऊ डॉक्टर जखमेच्या कडा मागे ओढणारे आकडे धरून उभा होता. दिवा भगभगत होता.  लाळेच्या ग्रंथीच्या कडेला त्यांना पहिला पांढरा दोरा दिसला. त्यांनी सळई लावली.

टक्-टक्-टक्! ताईंचा वरचा ओठ झोपेतच उडाला.

“सापडली,” बाई म्हणाल्या. त्यांनी त्या नसेभोवती एक मऊ रबरी फीत अडकवली आणि तिला अलगद बाजूला घेतलं. मग जबड्याचा स्नायू त्यांनी कापला नाही, धाग्याधाग्याने फाकवला, जसं उसवताना कापड फाटू नये म्हणून कुणी जपून शिवण सोडवतं. आणि त्या लाल धाग्यांच्या तळाशी ती दिसली. फिकट पिवळी, गुळगुळीत, चकचकीत गाठ. सोललेल्या लसणीसारखी. इतकी देखणी आणि इतकी शांत, की मला तिचीच जास्त भीती वाटली.

गाठीच्या पाठीवरून एक बारीक पांढरा पट्टा आडवा गेला होता. तो बाजूला केल्याशिवाय गाठ सुटणार नव्हती. हात आत पोहोचावा म्हणून बाईंनी सळई वाकडी धरली. माझी वायर शिकाऊ डॉक्टरच्या कोपराखाली गेली आणि नेमकी चिकटपट्टीच्या जागी दुमडली.

आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. शेवटची तार.

बाईंनी सळई पट्ट्याला लावली. मी वीज सोडली. ती वाटेतच थांबली. ओठ हलला नाही. मी गप्प राहिलो. माझा हिरवा दिवा मात्र तसाच जळत होता, जणू सगळं आलबेल आहे.

बाईंनी पुन्हा लावली. मी गप्प.

“काही नाही,” शिकाऊ डॉक्टर म्हणाला. “नुसता पापुद्रा दिसतोय, मॅडम.”

“हं. कात्री.”

सिस्टरांनी बाईंच्या तळहातावर कात्री ठेवली. कात्रीची पाती उघडली. पट्टा त्या दोन पात्यांच्या मधे आला. बाहेरच्या बाकावर एक माणूस बसला होता, त्याच्या जगातले सगळे शब्द त्या दोन पात्यांच्या मधे होते, आणि मी हिरवा दिवा लावून बसलो होतो.

पाती मिटली नाहीत.

“थांबा जरा,” बाई म्हणाल्या. “परत जाऊन बघते.”

भूलवाले डॉक्टर हसले. “कुलूप का?”

“कुलूपच,” बाई म्हणाल्या, पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी कात्री तशीच हातात ठेवून दुसऱ्या हाताने सळई मागे नेली आणि रबरी फितीतल्या त्या पहिल्या नसेला लावली. जिथे मी मघाशी ओरडलो होतो, तिथेच.

मी गप्प.

थिएटरमधली हवा बदलली. 

“मघाशी हा इथे बोलला होता,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही स्नायू सैल करायचं औषध दिलंत का?”

“छे! सुरुवातीला दिलं तेवढंच. ते केव्हाच उतरलं,” भूलवाले डॉक्टर म्हणाले. आता तेही हसत नव्हते.

“सुया?”

“जागेवर आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “दिवाही चालू आहे.”

“दिवा चालू आहे, पण हा मेलाय,” बाई म्हणाल्या. “आणि मी याच्या भरवशावर कापत होते.”

त्यांनी कात्री खाली ठेवली, सळई मात्र त्या पहिल्या नसेवरच धरून ठेवली. शिकाऊ डॉक्टरने कोपर उचललं. सिस्टर वायरीवरून बोटं फिरवत चिकटपट्टीपर्यंत आल्या. त्यांनी वायर दोन्ही हातांनी धरून सरळ ताणली. तुटलेल्या तारांची टोकं एकमेकांना टेकली.

टक्-टक्-टक्-टक्!

“अशीच धरून उभ्या राहा,” बाई म्हणाल्या. “हलू नका.” आणि त्यांनी सळई त्या आडव्या पट्ट्याला लावली. त्या ‘पापुद्र्याला’.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो. ताईंचा ओठ वर उचलला गेला, एकदा, दोनदा, जसा काही त्या झोपेत कुणाला तरी हाक मारत होत्या.

 बाई स्टुलावर बसल्या. दोन श्वास घेतले. मग पुन्हा कामाला लागल्या. सिस्टर हात वर धरून, दात-ओठ खात, वायर ताणून उभ्या होत्या, आणि बाई गाठीच्या पाठीवरून ती नस केसाकेसाने सोडवत होत्या. ती गाठीला अशी बिलगली होती की ओढ बसल्याशिवाय सुटेना. अखेर ती सुटली. मग त्यांनी गाठीच्या आवरणावर उभी चीर दिली, चावायच्या स्नायूचे जे बारीक तंतू त्यावर पसरले होते ते जमतील तेवढे वाचवले, आणि शेंगेतून दाणा निघावा तशी गाठ बाहेर आली. एका बशीत ठेवल्यावर ती फार लहान दिसत होती.

टाके घालून झाले. हातमोजे काढल्यावर बाई माझ्याकडे आल्या. चिकटपट्टीवरून त्यांनी अंगठा फिरवला. “ही पट्टी कुणी लावली? का लावली?” कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हा त्यांनी कात्री घेतली आणि माझी वायर मुळापासून कापून टाकली. “नवी आली तर जोडा. तोवर हा चुकूनसुद्धा कुणाच्या हाताला लागता कामा नये.” मित्रांनो, माझा आवाज गेला. पण त्या कात्रीचा मला राग नाही.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं!

शुद्धीवर आल्यावर ताईंनी सगळ्यांत आधी भावाचं नाव उच्चारलं, आणि ओठाची डावी बाजू हललीच नाही. वाफ्या त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांनी पुन्हा उच्चारलं. मोठ्याने उच्चारलं, जसं काही त्याचा उपयोग होणार होता. त्याने मान हलवली. त्याला कळलं नव्हतं.

“नस अखंड आहे,” बाईंनी ताईंना सांगितलं. “पण सोडवताना ताणली गेली. ती रुसलीय. परत यायला वेळ लागेल.”

“आणि नाहीच आली तर?”

 बाईंनी ताईंच्या हातावर हात ठेवला.

मला बाईंनी तपासणीच्या खोलीत नेऊन ठेवलं. तेव्हापासून मी पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवायचं वजन आहे. त्यामुळे पुढची हकिकत मला तिथेच कळत गेली. गाठीचा अहवाल चांगला आला. साधी गाठ होती. ताईंनी तो ऐकला आणि “बरं” एवढंच म्हणाल्या. दुकानात पोळलेल्या शर्टांचा ढीग लागला होता. वाफ्याला निरोप कळत नव्हते, गिऱ्हाइकं खेकसत होती. एकदा तर तो दुकानाचं अर्धं दार ओढून आतल्या कपड्यांत भिंतीकडे तोंड करून बसला आणि दिवसभर उठला नाही. ताई रोज आरशासमोर बसून ओठ ताणत, गाल फुगवत, डावा ओठ बोटाने वर उचलत, शीळ घालून बघत. वारा सुटायचा, पण शीळ काही फुटायची नाही. दर खेपेला बाई म्हणत, “हसा बघू,” आणि दर खेपेला अर्धाच चेहरा हसे. बाई मग माझ्याकडे बघत. त्या नजरेला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग बऱ्याच महिन्यांनी ते दोघे पुन्हा आले. ताई बसल्या. बाई म्हणाल्या, “हसा.”

डावा ओठ हलला. उजव्याच्या मागून, लंगडत, पण हलला. बाई उठून उभ्या राहिल्या. “पुन्हा!” तो पुन्हा हलला.

“पूर्ण येईल का?” ताईंनी विचारलं. एकेक शब्द त्या सावकाश, जपून बोलत होत्या, कारण भरभर बोललं की डावी बाजू मागे पडायची.

“आणखी सुधारेल असं वाटतं. थोडासा फरक राहीलही. बोलायला त्रास होतो का फार?”

ताई उत्तर द्यायच्या आत वाफ्याच बोलला. त्याच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात.

“आता बरं आहे. ताई हळू बोलते. आता मला सगळं कळतं.”

“म्हणजे?” ताई त्याच्याकडे वळल्या. “आधी कळत नव्हतं?”

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “आधी तू फार भरभर बोलायचीस. अर्धं मी अंदाजाने घ्यायचो.”

“इतकी वर्षं? आणि बोलला नाहीस?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

ताईंनी त्याच्या दंडावर सणसणीत चापट मारली. मग त्याच दंडाला घट्ट धरून त्या बसून राहिल्या. कुलूपबाईंनी खिडकीकडे तोंड वळवलं आणि बराच वेळ चष्मा पुसला.

मित्रांनो, माझी नवी वायर अजून आलेली नाही. कदाचित येणारही नाही. तक्रार नाही. पण तुमच्या हाती माझ्यासारखं एखादं यंत्र येईल, तेव्हा त्याच्या वायरी करकचून गुंडाळू नका. कुणी दोष दाखवला तर नुसती पट्टी चिकटवून विसरून जाऊ नका, तो दोष पुढच्या माणसाला सांगून ठेवा. दिवा जळतोय म्हणून सगळं चालू आहे असं धरून चालू नका. आणि माणसांचंही तसंच आहे. दुखत नाही असं कुणी म्हणालं, किंवा कुणी वर्षानुवर्षं नुसती मान डोलावत राहिलं, तर त्याचं सगळं ठीक आहे असं समजू नका. जवळ जा, तोंडासमोर बसा आणि विचारा. उत्तर आलं नाही, तर रागावू नका. सावकाश, पुन्हा एकदा विचारा.